शोक, निराशा आणि ख्रिस्ती आशा : इंदूरहून वारंवार येणारे प्रश्न

इंदूरमध्ये आमचा एक लहानसा मराठी प्रार्थनागट आहे. बहुतेकांची रविवारची उपासना हिंदीत नाहीतर इंग्रजीत होते, पण रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा प्रश्न मराठीतच असतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. गटात सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) आहेत, मेथॉडिस्ट आहेत, कॅथलिक आहेत आणि कुठल्याच मंडळीत न जाणारेही आहेत. जिथे चर्चचर्चमध्ये फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

सगळं एका बैठकीत वाचू नका. ज्याचं उत्तर हवं तो प्रश्न शोधा, बाकीचं राहू द्या. आत्ता जीव नकोसा झाला असेल तर हे वाचत बसण्याआधी १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे. पैसे लागत नाहीत आणि ती रात्रीही चालू असते.

१. मला रडू आवरत नाही. म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?

नाही. लाजराच्या कबरीपाशी येशू रडला (योहान ११:३५). थोड्याच वेळात आपण लाजराला हाक मारणार आणि तो बाहेर येणार, हे त्याला ठाऊक होतं. तरीही तो रडला. पुढचं माहीत असणाऱ्याला जर रडू आलं, तर पुढचं न दिसणाऱ्या आपल्याला येणारच.

'शोक करू नका' म्हणणारे प्रेषित पौलाचं एक वचन अर्धवट सांगतात. थेस्सलनीकाच्या मंडळीला तो लिहितो की, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका (१ थेस्सलनीका ४:१३). शोकच करू नका असं तो म्हणत नाही. स्वतःचा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला, तेव्हा 'माझ्यावर दुःखावर दुःख आलं नाही' म्हणून त्याने देवाचे आभार मानले (फिलिप्पै २:२७). मित्र गेला असता तर पौल हसतमुखाने फिरला नसता, एवढं त्यावरून कळतं.

२. ख्रिस्ती आशा म्हणजे 'सगळं ठीक होईल' असंच ना?

नाही, आणि पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत म्हणून इथे जरा थांबते.

ही आशा आपल्या मनाच्या उभारीवर अवलंबून नाही. ती एका घटनेवर उभी आहे : पंतय पिलाताच्या काळात क्रूसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला. पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा त्या घटनेला साधारण पंचवीस वर्षं झाली होती. उठलेला येशू पाचशेहून अधिक जणांना एका वेळी दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं तो लिहितो (१ करिंथ १५:६). थोडक्यात, खात्री करायची असेल तर जाऊन विचारा. पुढे तो हेही लिहून टाकतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे आणि आमच्याइतके कीव करण्यासारखे दुसरे कोणी नाहीत. स्वतःच्या धर्माबद्दल इतकं उघडं बोलणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

तो उठला म्हणून मेलेलेही उठतील, हे त्यातलं वचन आहे. नुसता आत्मा कुठेतरी वर राहील असं नव्हे. उठलेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला (लूक २४:४२-४३) आणि थोमाला हातांच्या खुणा दाखवल्या (योहान २०:२७). मराठी घरात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं की शरीर म्हणजे जुनं वस्त्र, आत्मा ते टाकून पुढे जातो. ख्रिस्ती श्रद्धा इथे वेगळी वाट धरते. आईचा आवाज, तिचे हात, तिचं चालणं हे टाकून देण्याचं वस्त्र नव्हतं. म्हणून त्यांची आठवण काढून कासावीस होणं ही मोहमाया नाही आणि कमजोरीही नाही.

ज्याचं वचन दिलेलंच नाही तेही सांगते. पुढच्या महिन्यात नोकरी लागेल, गाठ विरघळेल, मुलगा परत बोलायला लागेल, यांतलं काहीही देवाने लिहून दिलेलं नाही. मागायला मोकळीक आहे, मिळतंही. पण आशा त्यावर टांगली तर ती एखाद्या रिपोर्टबरोबर पडते. (प्रश्न ७ आणि ८ पाहा.)

३. देवाने असं का केलं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि बायबलही त्याचं सरळ उत्तर देत नाही.

ईयोबाची दहा मुलं एका दिवसात गेली. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले (ईयोब २:१३). तेवढे सात दिवस ते चांगले वागले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि 'तुझंच काहीतरी चुकलं असणार' हे पुढचे कितीतरी अध्याय वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलं. शेवटी देव बोलला तेव्हा ईयोबाला कारण कळलंच नाही. मात्र देवाचा कोप झाला तो उत्तरं देणाऱ्या मित्रांवर (४२:७).

येशूसमोरही हा प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती यरुशलेमातल्या इतरांहून जास्त पापी होती असं वाटतं का, असं विचारून येशूने स्वतःच 'नाही' असं उत्तर दिलं (लूक १३:४-५). जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं की पाप याचं की याच्या आईबापाचं, तेव्हाही तो म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही (योहान ९:३). म्हणून 'मागच्या कुठल्या पापाची ही शिक्षा?' हा धागा इथेच सोडून द्या. 'का' हा प्रश्न मात्र उघडाच राहतो. कोणी त्याचं पक्कं उत्तर घेऊन तुमच्या दारी आलं, तर त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

४. मला देवाचा राग येतो. तसं बोलून दाखवलं तर पाप लागेल का?

स्तोत्रसंहितेत ते बोलून दाखवलेलं आहे आणि पिढ्यानपिढ्या उपासनेत म्हटलंही जातं. तेरावं स्तोत्र जेमतेम सहा वचनांचं आहे आणि त्याच्या पहिल्या दोन वचनांत 'कुठवर?' हा प्रश्न चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला तर गोड शेवटही नाही, ते अंधारातच संपतं. ते कोणी वगळलं नाही. क्रूसावर येशूने 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे बाविसाव्या स्तोत्राचं पहिलंच वाक्य उच्चारलं.

हे सगळे लोक देवाबद्दल तक्रार करत नव्हते, देवाकडे करत होते. रुसलेलं मूल आईलाच बुक्क्या मारतं, तसं. शब्द सुचत नसतील तर तेरावं स्तोत्र समोर ठेवा आणि 'शत्रू' जिथे येतो तिथे तुमच्या दुःखाचं नाव घाला. शेवटची दोन भरवशाची वचनं आज तोंडातून निघत नसतील तर सोडून द्या.

५. प्रार्थनाच होत नाही. बायबल उघडावंसं वाटत नाही. काय करू?

झोपा आणि जेवा. हे मी गमतीने म्हणत नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून जेवायला घातलं (१ राजे १९:४-८). बोलणं झालं ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

आपल्याला कशी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांवाचून कण्हून आपल्यासाठी विनंती करतो, असं रोमकरांस पत्रात आहे (८:२६). तोवर दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या वाटची प्रार्थना करू द्या. 'माझ्यासाठी तू म्हण' एवढा एक मेसेज पुरतो.

६. 'देवाला चांगली फुलं लवकर हवी असतात', 'देव झेपेल तेवढंच देतो' असं लोक म्हणतात. हे बायबलमध्ये आहे का?

पहिलं वाक्य बायबलमध्ये कुठेच नाही. ते कोणत्याही आईला ऐकवू नका. तिच्या बागेतलं फूल तोडून नेणारा देव तिला कसा जवळचा वाटेल?

दुसरं वाक्य १ करिंथ १०:१३ वरून आलंय, पण तिथे विषय मोहाचा आहे : पाप करण्याचा मोह तुमच्या शक्तीपलीकडे जाऊ दिला जाणार नाही. दुःख झेपेल तेवढंच येतं असं तिथे लिहिलेलं नाही. उलट आशिया प्रांतात आपल्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा सुटली, असं पौल स्वतःच सांगतो (२ करिंथ १:८). त्यामुळे 'मला झेपत नाही' म्हणणं हा अविश्वास नाही, ती वस्तुस्थिती आहे.

'देवाची इच्छा' हे त्याहून अवघड. सगळं देवाच्या हाताबाहेर गेलंय असं ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. पण शास्त्र मृत्यूला 'शेवटचा शत्रू' म्हणतं (१ करिंथ १५:२६), देवाचा नोकर म्हणत नाही. रोम ८:२८ मध्येही सगळ्या गोष्टी चांगल्या आहेत असं नाही. देव त्यांतून भलं घडवतो, असं आहे. हे वचन दुःखी माणसाने स्वतः उच्चारलं तर ती साक्ष होते. पाहुण्याने शोकघरी पहिल्याच दिवशी सुनावलं तर तो दगड होतो.

७. माझ्या घरी कोणी गेलेलं नाही. तीनदा एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची) मुख्य परीक्षा दिली, झालं नाही. आता वय गेलं, लग्नही राहिलं. याला शोक म्हणायचा का, की मी उगाच रडतेय?

उगाच नाही. इंदूरच्या क्लासेसच्या भागात, भंवरकुआँच्या एका खोलीत घालवलेली वर्षं गेली आणि त्यांच्याबरोबर आपण ज्या आयुष्याची चित्रं रंगवली होती तेही गेलं. त्याला कबर नसते, तेरावा नसतो, कोणी भेटायला येत नाही. म्हणून ते जास्त दिवस आत राहतं.

अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य असेच चालले होते. येशू ओळख न देता त्यांच्याबरोबर चालू लागला आणि 'काय झालं?' असं विचारलं. त्यांच्या तोंडून निघालं की आम्हांला आशा होती, इस्राएलाची सुटका करणारा तो हाच (लूक २४:२१). होती. भूतकाळ. त्याने आधी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. टोकलं, समजावलं, ते नंतर. जेवताना भाकर मोडल्यावरच त्यांना त्याची ओळख पटली.

अशा वेळी कोणीतरी यिर्मया २९:११ पाठवतंच : तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हांला भावी सुस्थितीची आशा द्यावी असे ते आहेत. कॅलेंडरवर, मगवर, परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या स्टेटसवर हे वचन असतं. त्याच्या आधीचं वचन मात्र कोणी छापत नाही. तिथे देव बाबेलात कैद होऊन गेलेल्यांना सांगतो की सुटका सत्तर वर्षांनी होईल. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती सुटका पाहिलीच नसणार. खोटे संदेष्टे दोन वर्षांत परत जाण्याचं आश्वासन देत होते (यिर्मया २८) आणि यिर्मयाचं पत्र त्याच्या उलट होतं : तिथेच घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

माझं मत विचाराल तर निराशेत उपयोगी पडतं ते हे 'घरं बांधा'चं पाचवं ते सातवं वचन, अकरावं नव्हे. निकालाच्या यादीत नाव येईलच असं ते सांगत नाही. ज्या शहरात यादीत नाव आलं नाही तिथेही मळा लावता येतो, आणि देवाने तुम्हाला तिथे टाकून दिलेलं नाही, एवढं ते सांगतं. ज्यांना वचन मिळालं पण ते पुरं झालेलं दिसलं नाही, अशा माणसांची अख्खी यादी इब्री ११ मध्ये आहे, आणि त्यांना कोणी नापास म्हटलेलं नाही.

८. आम्ही उपास केले, रात्रभर प्रार्थना केल्या, एका प्रचारकाने 'बरे होतील' असं प्रभूच्या नावाने सांगितलंही. तरी बाबा गेले. आमचा विश्वास कमी पडला का?

गेथशेमाने बागेत येशूने 'हा प्याला माझ्यापुढून जावो' अशी विनंती केली आणि प्याला गेला नाही. पौलाने शरीरातला काटा काढायला तीनदा विनवलं, तो निघाला नाही (२ करिंथ १२:८-९). या दोघांचा विश्वास कमी होता असं म्हणायला कोणी तयार आहे का?

बरं वाटावं म्हणून मागणं योग्यच होतं, आणि तुमच्या उपासांवर मी पाणी ओतणार नाही. त्या रात्री बाबांना एकटं वाटलं नाही, हे त्या प्रार्थनांचं काम होतं. पण देवाच्या नावाने दिलेला शब्द खोटा ठरला तर तो शब्द देणाऱ्याचा हिशेब आहे (अनुवाद १८:२२), तुमचा नाही. तो प्रचारक आता 'तुमच्या घरात कोणाचा तरी अविश्वास होता' म्हणत असेल, तर त्याला घरी बोलावू नका.

९. बाळ पोटातच गेलं. बाप्तिस्मा झालेला नव्हता. ते देवाकडे आहे का?

प्रोटेस्टंट मंडळींमध्ये साधारण समज असा की अशा बाळांना देव आपल्याजवळ घेतो. दावीद राजा त्याच्या गेलेल्या तान्ह्या मुलाबद्दल म्हणाला की मी त्याच्याकडे जाईन (२ शमुवेल १२:२३), त्याचा आधार दिला जातो. कॅथलिक घरांत जुन्या पिढीने 'लिंबो'बद्दल, म्हणजे अशा बाळांसाठीच्या, स्वर्गही नाही आणि नरकही नाही अशा जागेबद्दल ऐकलेलं असतं. ती कधी अधिकृत शिकवण नव्हती. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशविद्या आयोगाने बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं म्हटलं.

बाळाला नाव द्या. पाळकसाहेबांना किंवा फादरना छोटी प्रार्थना करायला सांगा, ती ते करतात. आणि 'दुसरं होईल' म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज नाही. बाळाच्या वडिलांनाही कोणी तरी विचारा, त्यांना बहुधा फक्त हॉस्पिटलचं बिल विचारलेलं असतं.

१०. भावाने आत्महत्या केली. लोक म्हणतात त्याला क्षमा नाही. खरं आहे का?

असं बायबलमध्ये लिहिलेलं नाही. मृत्यू, जीवन, आताचं, पुढचं, यांतलं काहीही देवाच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं करू शकत नाही (रोम ८:३८-३९), आणि त्या यादीला अपवाद जोडलेला नाही.

पूर्वी अशा माणसाला चर्चचा दफनविधी नाकारत, हे खरं आहे. तीच आठवण अजून घराघरांत आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यात दफनविधी नाकारण्याच्या यादीत आत्महत्या राहिलेली नाही. त्यांच्या धर्मशिक्षणात ही कृती गंभीर चूक म्हटली आहे, पण तीव्र मानसिक त्रास, यातना, भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाबद्दल आशा सोडू नये, असंही स्पष्ट आहे. आपल्या शहरात एखादे पाळक अजून नकार देत असतील तर दुसऱ्या पाळकांना विचारा.

'मला आधी कळायला हवं होतं' हे मनात फिरत राहील. तो आजारी होता, आणि घरच्यांना आजार नेहमी दिसतो असं नाही. अशा घरात मागे राहिलेल्यांनाही धोका असतो. म्हणून एकटे राहू नका आणि वर दिलेला १४४१६ हा नंबर तुमच्यासाठीही आहे.

११. माझे वडील ख्रिस्ती नव्हते. रोज पूजा करायचे, माणूस सोन्यासारखा. त्यांचं काय झालं असेल?

इथे चर्चची उत्तरं एकसारखी नाहीत. अनेक इव्हँजेलिकल मंडळी ख्रिस्तावरच्या उघड विश्वासाशिवाय तारण नाही असं शिकवतात. कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हटलं की आपला दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे जगतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. दोन्ही बाजूंचे लोक मान्य करतील असं एक वाक्य अब्राहामाचं आहे : सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? (उत्पत्ती १८:२५). निकाल आपल्या हाती दिलेला नाही. तो ज्याच्या हाती आहे त्याने वधस्तंभावरच्या चोराला शेवटच्या घटकेला शब्द दिला होता.

वडिलांच्या तिरडीपाशी कोणी तुम्हाला नरकाचं गणित सांगत असेल, तर ते सुवार्ता सांगत नाहीयेत.

१२. सासर हिंदू आहे. नवरा गेला. दहावा, तेरावा, पितृपक्ष यांत मी काय करू?

पहिलं, सासूबाईंचा मुलगा गेला आहे. तुमच्या श्रद्धेइतकंच त्यांचं दुःख खरं आहे, आणि त्यांच्याकडे ते व्यक्त करायची रीत तेरा दिवसांची आहे. घरात बसणं, येणाऱ्यांना पाणी देणं, स्वयंपाकात हात लावणं, पानात बसून जेवणं, यात बहुतेक पाळक काही गैर मानत नाहीत. पिंडदान, तर्पण, संकल्प सोडणं, हे मात्र तुमच्या श्रद्धेत बसत नसेल तर दिराला किंवा चुलत सासऱ्यांना आधीच, एकांतात, आवाज न चढवता सांगा : 'दादा, विधी तुम्ही करा, मी बाजूला बसते. मला जमणार नाही, पण यांच्यासाठी मी माझ्या पद्धतीने प्रार्थना करेन.' ऐन वेळी भटजींसमोर सांगितलं की भांडण होतं. कावळा शिवला नाही म्हणून तुमच्याकडे नजरा वळल्या तर गप्प राहा.

'माझ्या पद्धतीने' म्हणजे काय, ते चर्चवर अवलंबून आहे. कॅथलिक मृतांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ठेवतात आणि २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. प्रोटेस्टंट मृतांसाठी विनवणी करत नाहीत. ते त्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी मागतात. पितृपक्षातही हीच वाट. मुलांना कुठल्या बाजूचं करायचं हा वाद पहिल्या वर्षी काढू नका. (नवऱ्याच्या तारणाबद्दल प्रश्न ११ पाहा.)

१३. दहन केलं तर पुनरुत्थानाला अडचण येते का?

नाही. समुद्रात बुडालेले, आगीत गेलेले, कोविडमध्ये ज्यांचं दफन शक्य झालं नाही ते, सगळे देवाच्या आठवणीत आहेत. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे. फक्त रक्षा विखुरू नये, घरीही ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी, असं २०१६ मध्ये सांगितलं. दफनाची परंपरा जुनी आणि सुंदर आहे, पण ती अट नाही.

१४. दुसऱ्याच्या चुकीने माझा माणूस गेला. चर्चमध्ये सगळे म्हणतात क्षमा कर. करायलाच हवी का?

हवी, पण इतरांच्या घड्याळाप्रमाणे नव्हे.

इंदूरकरांना सिस्टर राणी मारिया ठाऊक आहेत. केरळहून आलेल्या या नन उदयनगर भागात गरीब शेतमजुरांसाठी, सावकारीविरुद्ध काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर चाकूने वार करून त्यांना मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही नन, २००२ मध्ये तुरुंगात गेल्या आणि त्याला राखी बांधली. पुढे तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

ही गोष्ट प्रवचनात नेहमी सांगतात, पण तारखा घाईत सांगतात. खून आणि राखी यांच्यात सात वर्षं आहेत. मधल्या काळात खटला चालला, शिक्षा झाली, आणि ते योग्यच होतं. क्षमा म्हणजे एफआयआर मागे घेणं नाही. एबी रोडवरच्या अपघातात कोणी गेलं असेल तर नुकसानभरपाईचा दावा लावणं हे सूड घेणं नाही, तुमच्या मुलांच्या शाळेची फी आहे. क्षमेची पहिली पायरी इतकीच असू शकते की 'देवा, मला त्याला क्षमा करावीशी वाटत नाही' हे देवाला खरं सांगणं. तिथपासून पुढे किती दिवस लागतील ते कोणी ठरवू नये. घरातल्याच माणसाने मारहाण केली असेल तर क्षमा करूनही त्या घरात परत न जाणं बरोबर आहे.

१५. बायबलमधली माणसं दूरची वाटतात. आपल्या मराठीत कोणी यातून गेलंय का?

पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पती गेले. पदरात तान्ही मनोरमा. ख्रिस्ती झाल्या त्या याच्यानंतर, १८८३ मध्ये. म्हणजे श्रद्धेने त्यांचे मृत्यू टाळले नाहीत, आणि पुढचाही टाळला नाही : केडगावच्या मुक्तिसदनात आपल्यामागे काम सांभाळेल असं वाटत होतं ती मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्याआधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी चालू ठेवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

त्यांच्यासारखं व्हा असं मी म्हणत नाही. मुलगी गेल्यावर कोणाकडून भाषांतर होईल, कोणाकडून भाजी चिरणंही होणार नाही.

१६. किती दिवस असं चालणार? डॉक्टरकडे केव्हा जावं?

शोकाला ठरलेली मुदत नाही. वर्षभरानंतरच्या नाताळात पहिल्यापेक्षा जास्त रडू येऊ शकतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत दीर्घ शोकाचा विकार आता वेगळा नोंदलेला आहे : सहा महिने उलटून गेले, ओढ आणि वेदना तशीच तीव्र, आणि रोजचं काम, घर, नाती चालेनाशी झाली, तर दाखवायला हवं. झोप-भूक पूर्ण गेली, दारू वाढली किंवा मरणाचे विचार येत असतील तर सहा महिने थांबू नका. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणं हा प्रार्थनेचा पराभव नाही. मधुमेहाच्या गोळीला आपण कधी तसं म्हणत नाही. पाळकसाहेब गोळ्या बंद करायला सांगत असतील तर त्या बाबतीत त्यांचं ऐकू नका.

१७. चर्चमध्ये सगळे टाळ्या वाजवून गातात. मला तिथे बसवत नाही.

काही रविवार मागच्या बाकावर बसा, गाऊ नका, प्रभुभोजन घेऊन निघा. तेही जमत नसेल तर मधल्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये जा. आणि पाळकसाहेबांना सांगा की महिन्यातून एकदा तरी शोकाचं स्तोत्र वाचा, त्या बाकांवर तुम्ही एकटे नसता. पूर्ण सोडून मात्र देऊ नका. आपला विश्वास चालेनासा होतो तेव्हा तो थोडे दिवस इतरांनी वाहायचा असतो (प्रश्न ५).

१८. मैत्रिणीचा नवरा गेला. मी तिच्याकडे जाऊन काय बोलू?

थोडंच. 'रडणाऱ्यांबरोबर रडा' (रोम १२:१५) एवढीच आज्ञा आहे, समजावण्याची नाही. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, लोक ते टाळतात. 'काही लागलं तर सांग' म्हणू नका, ती सांगणार नाही. 'मंगळवारी मुलांना शाळेतून मी आणते' असं म्हणा आणि आणा.

मग कागद. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर हॉस्पिटल कळवतं, घरी गेले असतील तर घरच्यांनी नगर निगमकडे जायचं असतं. दाखल्याच्या बऱ्याच प्रती घ्या. बँक, विमा, पीएफ, पेन्शन, गॅस जोडणी, प्रत्येक ठिकाणी एक लागते. नॉमिनी कोण आहे ते तिला पहिल्या आठवड्यात विचारू नका, पण महिन्याभरात तिच्याबरोबर फाईल घेऊन बसा. कोऱ्या कागदावर कोणी सही मागितली, मग तो सख्खा नातेवाईक का असेना, तर ती देऊ नकोस असं तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.